ग्रंथालयाच्या दारी आलेला माणूस

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयात बसून वाचण्यासाठी वर्गणी लागत नाही. त्यामुळे अभ्यासकांबरोबर आणखी एक वर्ग तेथे नित्य येतो; ज्यांना घर नाही, अशांचा. रात्र पदपथावर काढलेल्या माणसाला दिवसा खुर्ची, पाणी, ऊब आणि स्वच्छतागृह विनामूल्य देणारी दुसरी जागा मोठ्या शहरात सहसा सापडत नाही.

हा प्रश्न एका दिवसात उद्भवला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मोठी सरकारी मनोरुग्णालये टप्प्याटप्प्याने रिकामी झाली. परंतु बाहेर आलेल्या रुग्णांची काळजी घेणारी व्यवस्था त्या प्रमाणात उभी राहिली नाही. पुढे घरभाडीही वाढत गेली. या साऱ्याचा भार अखेर ग्रंथपालांच्या मेजापर्यंत पोहोचला. न्यू जर्सीतील मॉरिसटाऊन येथे तर एका बेघर वाचकाला बाहेर काढण्यावरून खटला उभा राहिला. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने ग्रंथालयातून माहिती मिळवण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला. त्याचबरोबर ग्रंथालयास वाजवी नियम करण्याचा अधिकार आहे, असेही सांगितले.

परंतु नियमाने माणूस बाहेर जातो, त्याची अडचण मात्र त्याच्यासोबतच राहते.

२००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने वेगळा मार्ग धरला. शहराच्या आरोग्य विभागाच्या साहाय्याने लिआ एस्गेरा यांची ग्रंथालयात पूर्णवेळ समाजसेविका म्हणून नियुक्ती झाली. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयातले असे हे पहिले पद मानले जाते. येथे समाजसेवक म्हणजे फावल्या वेळी सेवा करणारा गृहस्थ नव्हे. तो प्रशिक्षित, वेतन घेणारा व्यावसायिक असतो. गरजू माणसाशी तो आपणहून बोलतो, निवारा, भोजन, औषधोपचार कोठे मिळेल ते सांगतो, अर्ज भरण्यास मदत करतो. नकार मिळाला, तर त्या नकाराचाही मान राखतो. सॅन फ्रान्सिस्कोत या कामासाठी पूर्वी स्वतः बेघर असलेल्या व्यक्तींनाही वेतनावर घेतले गेले. तो मार्ग तुडवून आलेल्याचा शब्द ऐकणाऱ्याला लवकर पटतो. पुढे डेन्व्हरसह अनेक शहरांच्या ग्रंथालयांनी हीच वाट धरली.

ग्रंथालयाचे हे काम आहे काय, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो गैर नाही. परंतु ते काम जाणणारा माणूस जवळ असला, म्हणजेच ग्रंथपालाला ग्रंथांकडे लक्ष देता येते. अर्थात, समाजसेवक घरे निर्माण करू शकत नाही. निवाऱ्यात जागाच नसेल, तर त्याचाही उपाय खुंटतो.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली गावोगावची ग्रंथालये बहुधा स्थानिक संस्था चालवतात. त्यांच्या कार्यकारिणीत व्यापारी मंडळी असतात, आणि देणगीही त्यांचीच असते. आपल्याकडील वाचनकक्षात येणाऱ्यांच्या अडचणी निराळ्या. घरी मन रमत नाही म्हणून दिवसभर वर्तमानपत्र धरून बसणारे वृद्ध, परीक्षेत वारंवार अपयश आलेला तरुण, निवृत्तिवेतनाचा अर्ज कसा भरावा हे न कळणारी विधवा भगिनी. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दिवस जाणकार समाजसेवक बसवणे फार खर्चाचे नाही. ग्रंथालयाला कपाट दिले, तर त्यावर देणगीदाराचे नाव लागते. या मानधनावर कोणाचे नाव लागणार नाही. परंतु दारी आलेला माणूस रिकाम्या हाताने परतणार नाही. आपल्या संस्थेच्या पुढील बैठकीत हा विषय अवश्य मांडावा.