सिमॅरन : नांगरानें उठविलेला मुलूख

अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानाच्या पश्चिम टोकास सिमॅरन नांवाची काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे. कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको व टेक्सस अशीं चार संस्थानें तिला भिडतात. १८५० पासून १८९० पर्यंत हा पट्टा त्यांपैकीं कोणांतच मोडत नसे; लोक त्याला बेवारशी मुलूख म्हणत!

पुढें शेतकरी आले. पाऊस बरा, गव्हाला भाव. त्यांनीं गवताळ रान नांगरून काढलें. वास्तविक कोरड्या, वादळी प्रदेशांत माती धरून ठेवलेली असते ती गवताच्या मुळांनींच. १९३१ पासून अवर्षण पडलें आणि उघडी माती उडूं लागली. १४ एप्रिल १९३५ रोजीं तर दिवसाउजेडीं काळोख झाला. १९३० सालची ५४०८ वस्ती १९४० सालीं ३६५४ वर आली. दोष एकट्या पावसाचा नव्हे.

सरकारनें कांहीं जमीन विकत घेऊन तीवर पुन्हां गवत वाढविलें. माणसें मात्र पुन्हां १९३० सालाइतकीं झालीं नाहींत. २०२० च्या शिरगणतींत तीं २२९६ भरलीं.