नदी डोंगराच्या उंबऱ्याशी आली

थांब बाळा, तो बांध फोडू नकोस. आधी बघ काय झालंय. पागोळ्यांचं पाणी मघाशी अंगणातून नाल्याकडे पळत होतं. तू आडवा चिखल घातलास, पाणी तुंबलं, चढत चढत वर आलं आणि तुळशीच्या बाजूने उलटं वळून जास्वंदीच्या आळ्यात उतरलं. पाण्याला तू ढकललंस का? नाही, नुसतं उंच केलंस. बाकीचं काम उतारानेच केलं. असंच एका माणसाने एका अख्ख्या नदीला केलं होतं. त्याची गोष्ट सांगतो, ये इकडे.

त्याचं नाव जॉन पेनिक्विक. जन्म आपल्या पुण्यातला, 15 जानेवारी 1841 चा. वडील इंग्रजांच्या फौजेत ब्रिगेडियर. चिलियनवालाच्या लढाईत वडील आणि सतरा वर्षांचा थोरला भाऊ एकाच दिवशी पडले. तारीख होती 13 जानेवारी 1849. जॉनचा आठवा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. मोठा झाल्यावर तोही फौजेतच गेला, पण इंजिनिअर म्हणून. 1860 साली मद्रास इलाख्यात आला, मधे अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेवर जाऊन एक पदक मिळवून परतला आणि मग पाण्याच्या कामात रमला.

आता वाऱ्याचं ऐक. अरबी समुद्रावरून आलेला पावसाळी वारा सह्याद्रीला थडकतो, वर चढतो, चढता चढता गार होतो आणि आपलं ओझं तिथेच रितं करतो. म्हणून महाबळेश्वरला पाऊस धो धो कोसळतो आणि पलीकडे माण-खटावात लोक आभाळाकडे बघत बसतात. दक्षिणेतही तेच. डोंगराच्या अलीकडे पेरियार, म्हणजे ‘मोठी नदी’, दुथडी भरून समुद्राला मिळायची; पलीकडे मदुराईची वैगई कोरडी पडायची. 1876 ते 78 च्या दुष्काळात त्या मुलखात माणसं अन्नावाचून गेली. एका नदीचं पाणी दुसरीला द्यावं हा विचार रामनाडच्या दिवाणाने 1789 मध्येच मांडला होता. इंग्रजांच्या एका कॅप्टनने 1808 मध्ये जागा पाहून ते अशक्य ठरवलं.

पेनिक्विकने अंगणातली तुझीच युक्ती केली. पेरियारला आडवी भिंत घालायचं काम 1887 मध्ये सुरू झालं. रान इतकं दाट, की हत्तींच्या वाटा हेच रस्ते. नदीला पूर आला की घातलेले बांध वाहून जायचे, पुन्हा घालायचे. हिवतापासारख्या रोगांनी शेकडो मजूर गेले. त्यांची दफनभूमी धरणापाशी आजही आहे. या गोष्टीत त्यांची नावं मला सांगता येत नाहीत, याची खंत वाटते.

भिंत सिमेंटची नाही बरं का. चुना आणि सुरखी! आपल्या जुन्या वाड्यासाठी बैल जुंपून चुन्याची घाणी फिरवायचे, ते तुला सांगितलं होतं ना? भाजलेल्या विटांची भुकटी म्हणजे सुरखी. नुसता चुना हवेतच कडक होतो, पाण्यात नाही. सुरखी मिसळली की भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याला धरते आणि ते मिश्रण पाण्याखालीही दगड होतं. पुढून-मागून दगडी बांधकाम आणि पोटात हे काँक्रीट, अशी दीडशे फुटांवर उंच भिंत केवळ आपल्या वजनावर नदीचा रेटा झेलत उभी राहिली.

आणि खरी गंमत पुढेच आहे. डोंगरातून जवळजवळ पावणेदोन किलोमीटरचा बोगदा खणला, पण त्याचं तोंड भिंतीच्या तळाशी नाही. धरणात सुमारे 104 फूट पाणी चढेपर्यंत पलीकडे थेंबही जात नाही. तेवढं पाणी म्हणजे वरच्या पाण्याला बसायला नुसता पाट! त्यावर चढेल ते बोगद्यात शिरतं, डोंगरापलीकडे उड्या मारत उतरतं आणि वैगईला मिळतं. अरबी समुद्राकडे निघालेला थेंब पूर्वेच्या शेतात जातो. 10 ऑक्टोबर 1895 रोजी हे पाणी सोडलं. भिंतीमागे जो तलाव झाला, त्यात त्या वेळी बुडालेल्या झाडांचे काळे बुंधे अजून उभे आहेत. पाणी उतरलं की उघडे पडतात आणि त्यांच्या टोकावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात.

सरकारने पेनिक्विकला ‘स्टार ऑफ इंडिया’ या सन्मानाचा कम्पॅनियन केलं. त्या चिन्हाची फीत फिक्या निळ्या रंगाची, दोन्ही काठांना पांढरी. मावळतीकडची नदी वळवणाऱ्याला आभाळाचा रंग शोभून दिसला असेल, असं मला वाटतं. पुढे तो इंग्लंडात इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रमुख झाला आणि 1911 साली वारला.

पण पूर्वेकडच्या कंबमच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी त्याला वेगळीच जागा दिली. कित्येक घरांत देवांच्या तसबिरींशेजारी त्याचा मिशीवाला फोटो असतो. त्याचा वाढदिवस पोंगलच्या दिवसांतच येतो. आपण संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो न होतो, तोवर तिकडे लोअर कॅम्प या गावी त्याच्या स्मारकासमोर बाया चुली मांडतात. मडक्यात नवा तांदूळ आणि गूळ रटरटत असतो आणि तो भात शिजवायला पाणी येतं ते डोंगरापलीकडचं.