मागच्या रांगेची चिठ्ठी

परिषद संपताना श्रोत्यांकडून अभिप्रायाचे कागद गोळा करायचे, गठ्ठ्याला रबर लावून तो पिशवीत टाकायचा आणि पुढच्या वर्षी तीच सत्रं त्याच क्रमाने लावायची, ही आपल्याकडची जुनी रीत. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कार्यक्रमांच्या संयोजनात बरीच वर्षं काढल्यावर सांगतो, त्या गठ्ठ्यात पानोपानी एकच शब्द असतो: 'छान'.

श्रोते खोटं बोलत नाहीत. त्यांना विचारण्याची वेळ चुकते. डॉक्टरांच्या परिषदांत हे ठळक दिसतं. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी टिकवायला ५ वर्षांत ३० क्रेडिट गुण लागतात. फॉर्म द्या आणि प्रमाणपत्र घ्या, असा व्यवहार दाराशी सुरू झाला, की 'उत्तम'च्या चौकटीत भराभर खुणा पडतात. कल्याणच्या एका कार्यक्रमात आम्ही तो कागद दारावरून उचलला आणि चहाच्या आधी खुर्चीवरच दिला. प्रश्न दोनच. उद्या दवाखान्यात यातलं काय वापराल? आणि लक्ष कुठे उडालं? मधुमेहाच्या सत्राचं बाहेर तोंडभर कौतुक करणाऱ्यांनीच कागदावर लिहिलं होतं, की इन्सुलिनला नाही म्हणणाऱ्या पेशंटशी बोलायचं कसं, ते आलंच नाही. पुढच्या वेळी व्याख्यान निम्म्यावर आणलं आणि उरलेल्या वेळात असे संवाद मंचावर करून दाखवले.

नुसत्या गुणांवर विसंबणाऱ्यांना मी डॉ. फॉक्सची गोष्ट सांगतो. १९७० मध्ये अमेरिकेत मायकेल फॉक्स नावाच्या नटाला तज्ज्ञ 'डॉ. मायरन फॉक्स' म्हणून उभं केलं आणि त्याने मुद्दाम पोकळ रचलेलं भाषण झोकात ठोकलं. समोर मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ होते. कोणी ओळखलं नाही, उलट अभिप्राय उत्तम आले. १९७३ मध्ये यावर शोधनिबंधही निघाला.

डोंबिवलीचा किस्सा वेगळा. संध्याकाळच्या परिसंवादात शेवटच्या वक्त्याच्या वेळी मागच्या रांगा रिकाम्या होत. समितीचं मत पक्कं होतं, लोकांना गांभीर्य नाही. आम्ही दोन कार्यकर्ते दारात उभे केले आणि निघणाऱ्यांनाच विचारलं. कोणाला बदलापूर गाठायचं होतं, कोणाला आसनगाव. लोकल चुकली तर पुढचीची खात्री नाही. जाता जाता एक बाई म्हणाल्या, "प्रश्न विचारायचा होता हो, पण तुम्ही प्रश्न शेवटी ठेवता." कुठल्याही फॉर्ममध्ये हे आलं नसतं, कारण फॉर्म शेवटपर्यंत बसणाऱ्यांच्याच हातात पडत होता.

पाच-सहा वक्ते, अध्यक्षीय समारोप आणि उरलाच वेळ तर प्रश्न, हा साचा आपण साहित्य संमेलनांकडून उचलला. या पट्ट्यात २०१० मध्ये ठाण्याला ८४वं आणि २०१७ मध्ये डोंबिवलीला ९०वं संमेलन झालं, त्यामुळे तो इथे अंगवळणी पडलेला. आम्ही वक्ते तिघांवर आणले आणि प्रत्येकाच्या बोलण्यानंतर लगेच प्रश्न घेतले. त्या बाई पुढच्या वेळी तिसऱ्या रांगेत होत्या.

सगळ्यांत अवघड काम म्हणजे हे वक्त्याला सांगणं. ठाण्यात पाणीप्रश्नावर बोलणाऱ्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या सत्राला 'पडद्यावरचं वाचता येत नाही' अशा चिठ्ठ्या आल्या होत्या. सरांना सांगायचं कोणी? समितीत सगळेच मागे सरले. शेवटी नावं काढून सगळ्या चिठ्ठ्या, चांगल्या आणि टोचणाऱ्या, मीच घरी नेऊन दिल्या. सरांनी चष्मा बदलून एकेक वाचली आणि फक्त विचारलं, "सभागृह कधी रिकामं मिळेल?" एका सकाळी गेलो. त्यांनी आपलाच तक्ता पडद्यावर लावला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. अकरा रकाने, त्यात वर्षनिहाय पाणीसाठा. "मलाच दिसत नाही," म्हणाले आणि तिथेच मांडीवर वही घेऊन आठ रकाने खोडले.

आता चिठ्ठ्या दोन दिवसांत वक्त्याकडे जातात. पाचपैकी किती तारे हा प्रश्न मात्र समितीने अजून ठेवला आहे, प्रायोजकांना आकडा लागतो म्हणून. मी दर बैठकीत तो काढायला सांगतो. येत्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे, या वेळी सरांना बरोबर घेऊन.