स्पोर्ट्स मोटारीचा गिअर : हाताचा कीं आपोआपचा ?

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यांतील उलवे येथें जो कोणी पंचवीसतीस वर्षांपूर्वीं गेला असेल, त्यास आज तेथें नेऊन उभें केलें तर आपण कोठें आलों हें सांगतां येणार नाहीं. भातखाचरें आणि खाडीचा चिखल यांच्या जागीं सिडकोनें वसविलेलें नगर उभें आहे. विमानतळासाठीं उलव्याची टेकडी कापून सपाट केली गेली आणि उलवे नदीचा प्रवाहहि वळविण्यांत आला. १२ जानेवारी २०२४ रोजीं अटल सेतूचें उद्घाटन झालें, आणि शिवडीपासून निघणाऱ्या या २१.८ किलोमीटरांच्या पुलावरून उतरण्याची एक वाट नगराच्या अगदीं जवळ, शिवाजीनगर येथें आली. अशा नगरांत मोटार हें केवळ ये-जा करण्याचें साधन राहत नाहीं. ज्या घरांत पूर्वीं ‘लिटरला किती देते’ एवढाच प्रश्न विचारला जाई, त्या घरांतील एखाद्या कर्त्या पुरुषानें किंवा मिळवत्या मुलीनें हौसेची, बसकी, दोनचार आसनांची स्पोर्ट्स मोटार घ्यावयाचें मनांत आणलें, कीं रंगाच्याहि आधीं एक वाद उभा राहतो : गिअर हातानें बदलावयाचा कीं गाडीनें आपोआप बदलावयाचा? बाजाराच्या बोलींत सांगावयाचें तर, मॅन्युअल कीं ऑटोमॅटिक? या वादांत दोन्ही पक्षांकडून बरेंच बोललें जातें, पण त्यांतील निम्में वीस वर्षांपूर्वींचें असतें.

मुळांत गिअर कशाला लागतो, हें आधीं स्पष्ट झालेलें बरें. पेट्रोलच्या इंजिनाचा स्वभाव असा कीं, तें फार हळू फिरूं लागलें तर बंद पडतें, आणि त्याचा खरा जोर फेऱ्यांच्या एका ठराविक मर्यादेंतच मिळतो. मोटारीच्या चाकास मात्र शून्यापासून शंभराच्या पलीकडेपर्यंत सर्व वेग हवे असतात. या दोहोंची गांठ घालून देणाऱ्या दंतचक्रांच्या जोड्या म्हणजे गिअर. गिअरची सायकल चालविणारा जसा चढावर हलका गिअर लावून पाय भरभर मारतो आणि सपाटीवर जड गिअर लावतो, तसेंच हें आहे. जोडी बदलतांना इंजिनाचा आणि चाकांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो; तो तोडण्याचें व पुन्हां जोडण्याचें काम क्लचचें. जुन्या गाड्यांत हें इतकें अवघड होतें कीं, इंजिनाचे फेरे आणि चाकांचे फेरे कानानें जुळवावे लागत. नाहींतर दांतांवर दांत घासून सगळ्या आळीला कळे. १९२८ सालीं कॅडिलॅक गाडींत दोन्ही चक्रांचा वेग आपोआप सारखा करून घेणारी रचना, जिला सिंक्रोमेश म्हणतात, ती आली, आणि सामान्य माणसास गिअर निर्धास्तपणें बदलतां येऊं लागला.

ऑटोमॅटिकहि वाटते तितकी नवी नव्हे. जनरल मोटर्सनें हायड्रामॅटिक नांवाची रचना १९३९ सालीं जाहीर केली व ती ओल्ड्समोबील गाड्यांत मिळूं लागली. तींत पायानें दाबावयाचा क्लचच नव्हता. इंजिन व गिअर यांच्यामध्यें तेलानें भरलेलें एक भांडें असे. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसरा फिरूं लागतो. वाऱ्याच्या जागीं तेल घातलें म्हणजे या भांड्याचें मर्म कळतें. पुढें याच तत्त्वावर, पण जोर वाढवूनहि देणारा, टॉर्क कन्व्हर्टर आला. तेलाचा हा दुवा मऊ खरा, परंतु कांहीं जोर तेल घुसळण्यांतच फुकट जाई, आणि गिअरहि थोडे असत. गाडी आळसावल्यासारखी चाले. स्पोर्ट्स मोटारीच्या शौकिनांनीं ऑटोमॅटिककडे पाहून नाक मुरडण्यास सुरुवात केली ती याच काळांत, आणि त्या काळीं तें योग्यच होतें.

हें चित्र पालटलें शर्यतीच्या मैदानावर. २६ मार्च १९८९ रोजीं ब्राझीलमधील रिओ येथें झालेल्या फॉर्म्युला वन शर्यतींत नायजेल मॅन्सेल फेरारीची जी गाडी घेऊन उतरला, तींतून जॉन बर्नार्ड या अभियंत्यानें गिअरचा दांडाच काढून टाकला होता. स्टीअरिंगच्या चाकामागें दोन पात्या होत्या. एक ओढली कीं गिअर वर, दुसरी ओढली कीं खालीं, आणि प्रत्येक बदलाच्या वेळीं क्लच सोडण्या-धरण्याचें काम यंत्रानें करावयाचें. सरावांत ही रचना वारंवार बिघडत होती, आणि गाडी शर्यत पुरी करील असा भरंवसा फारसा कोणास नव्हता. मॅन्सेल ती शर्यत जिंकला. कांहीं वर्षांतच दांड्याची गाडी त्या शर्यतींतून नाहींशी झाली, आणि १९९७ मध्यें फेरारीनें तीच सोय एफ-३५५ या रस्त्यावरील गाडींत दिली.

परंतु खरी क्रांति केली ती दुहेरी क्लचनें. कल्पना जुनी, आदोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्यानें ती १९३९ च्या सुमारासच मांडली होती. पंगतींत एकच वाढपी असला, तर भात वाढून तो वरण आणण्यास आंत जाईपर्यंत पान खोळंबतें. दोन असले तर एक भात वाढीत असतांना दुसरा वरणाचें भांडें घेऊन मागें उभाच असतो. या गाडींत एक, तीन, पांच हे गिअर एका क्लचवर आणि दोन, चार, सहा हे दुसऱ्या क्लचवर असतात. तिसरा गिअर चालू असतांना चौथा आधींच लागून तयार असतो. बदल म्हणजे केवळ एका क्लचनें सोडणें व दुसऱ्यानें धरणें. पोर्शनें १९८० नंतरच्या दशकांत शर्यतींमध्यें ही रचना कसून वापरली, २००३ मध्यें फोक्सवॅगननें गोल्फ आर-३२ या गाडींतून ती बाजारांत आणली, आणि २००८ पासून पोर्शच्या ९११ मध्येंहि ती मिळूं लागली.

परिणाम आंकड्यांत पाहावा. बी. एम. डब्ल्यू. ची एम-२ ही २०२३ सालीं भारतांत आली, तेव्हां शून्यापासून शंभरापर्यंत पोहोंचण्यास तिच्या मॅन्युअल गाडीस ४.३ सेकंद लागत आणि ऑटोमॅटिकला ४.१. विशेष हें कीं, ही ऑटोमॅटिक दुहेरी क्लचची नसून टॉर्क कन्व्हर्टरची, आठ गिअरांची. म्हणजे जुन्या तेलाच्या भांड्यानेंहि आतां हाताला मागें टाकलें. पोर्श ९११ जीटी-३ च्या २०२१ मधील आवृत्तींत हें अंतर अर्ध्या सेकंदाचें होतें : ३.९ विरुद्ध ३.४. तेव्हां ‘वेग हवा असेल तर मॅन्युअल घ्या’ हें वाक्य आतां कोणीं उच्चारूं नये. तें असत्य झालें आहे.

मग मॅन्युअल उरली कशासाठीं? याचें उत्तर पोर्शच्याच अनुभवांत सांपडतें. २०१३ सालच्या जीटी-३ मध्यें पोर्शनें हाताचा गिअर बंद करून टाकला. गाडी अधिक वेगवान झाली, पण जुने शौकीन हळहळले. २०१६ मध्यें ९११ आर ही केवळ मॅन्युअल असलेली, मोजक्या संख्येची गाडी काढावी लागली, आणि २०१७ च्या जीटी-३ मध्यें हाताचा गिअर पुन्हां मिळूं लागला. वेगांत हरलेली वस्तु गिऱ्हाइकांनीं मागून घेतली.

उलव्याच्या रहिवाशानें या गोष्टीचा विचार आपल्या रस्त्यांवर उभें राहून करावा. अटल सेतूवर मोटारीस ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा आहे. चढण्या-उतरण्याच्या वाटांवर ४० ची. साडेचारशे अश्वशक्तीची गाडी शंभराचा वेग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरांतच गांठते, आणि तेथें कायदा तिचा हात धरतो. म्हणजे ज्या अर्ध्या सेकंदामुळें ऑटोमॅटिक वरचढ ठरली, तो अर्धा सेकंद खर्चावयास या परिसरांत रस्ताच नाहीं. उलट हाताच्या गिअरचा आनंद पन्नासाच्या वेगावरहि मिळतो. वळणापूर्वीं चौथ्यावरून तिसऱ्यावर येणें, खालचा गिअर घालण्याच्या क्षणीं उजव्या पायानें ॲक्सिलरेटर किंचित् दाबून इंजिनाचे फेरे जुळविणें, आणि ही जोडणी इतकी अलगद होणें कीं शेजारीं बसलेल्यास ती कळूंहि नये, ही एक विद्या आहे. हार्मोनियमवर हात बसावा तसा तो गिअरवर बसतो. स्पोर्ट्स मोटार ही गरजेची वस्तु नव्हे, हौसेची आहे, आणि हौसेच्या वस्तूंतून हौसच काढून टाकावयाची असेल तर एवढा पैसा घालण्यांत अर्थ नाहीं. हें मत सर्वांस पटेल असें नाहीं. परंतु कायद्याच्या मर्यादेंत राहून गाडीचें सुख घ्यावयाचें, तर मॅन्युअलचा पक्ष बळकट ठरतो तो या एका कारणानें.

येथवर रविवारच्या पहांटेची गोष्ट झाली. सोमवारची निराळी. उलव्याच्या पलीकडे जवाहरलाल नेहरू बंदर आहे, आणि १९८९ पासून चालू असलेल्या त्या बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर गव्हाण फाट्याच्या परिसरांत रांगा धरतात. सेतू ओलांडून शिवडीस उतरणाऱ्यापुढेंहि मुंबईची गर्दी असतेच. अशा ठिकाणीं गाडी एक लांबी पुढें, थांबली, पुन्हां अर्धी लांबी पुढें, अशी सरकते, आणि दर सरकण्यास डावा पाय क्लचवर जातो. जोरदार इंजिनाचा क्लच घट्ट धरणारा असावा लागतो, म्हणून स्पोर्ट्स मोटारीचा क्लच साध्या गाडीपेक्षां बहुधा जड असतो. तिशींत हें जाणवत नाहीं. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यास जाणवतें. शिवाय घरांत गाडी चालविणारीं माणसें दोनतीन असलीं आणि त्यांपैकीं कोणास क्लचवर पाय टेकून ठेवण्याची संवय असली, तर क्लच प्लेट अकालीं झिजते, व तो खर्च हलका नसतो.

म्हणून ज्या घरांत गाडी एकच आणि तिनेंच रोज कचेरी गांठावयाची, त्या घरानें संकोच न करतां ऑटोमॅटिक घ्यावी. मात्र ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखालीं निरनिराळीं यंत्रें विकलीं जातात, हें विसरूं नये. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी गर्दींत सर्वांत सोशीक. घसरतें तें तेल, त्यामुळें झीज फारशी होत नाहीं. दुहेरी क्लचच्या गाड्यांत तेलांत बुडालेले क्लच आणि कोरडे क्लच असे दोन प्रकार आहेत. मुंगीच्या पावलांनीं सरकतांना हे क्लच अर्धवट धरलेल्या स्थितींत असतात, म्हणजे यंत्रच ‘हाफ क्लच’ करीत असतें, आणि कोरडा क्लच त्यांत लवकर तापतो. अशा गाडीच्या चालकानें पुढची गाडी दोन हात सरकली कीं लगेच न सरकतां थोडी जागा मोकळी होऊं द्यावी, आणि चढावर थांबतांना ॲक्सिलरेटरनें गाडी तोलून न धरतां ब्रेक दाबावा. जबर इंजिनांच्या गाड्यांत बहुधा तेलांतीलच क्लच वापरतात, तें याच उष्णतेमुळें.

घाटाचा विचार मात्र हौस आणि सोय यांच्या पलीकडचा आहे, कारण तेथें जीव गुंतलेला असतो. उलव्याहून पनवेलमार्गें निघून खोपोलीपासून बोरघाट चढणें सोपें. लोणावळ्याहून परततांना खंडाळ्याखालचा उतार उतरणें ही परीक्षा. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर ब्रेकचे पॅड व तबकड्या तापतात, त्यांची पकड कमी होते, आणि अति तापल्यास ब्रेकचें तेल उकळून पेडल पोकळ लागूं लागतें. यावर उपाय एकच : खालचा गिअर घालून इंजिनालाच गाडी मागें ओढूं देणें. ज्या गिअरनें घाट चढावा त्याच गिअरनें उतरावा, हा ट्रकवाल्यांचा नियम स्थूलमानानें हेंच सांगतो. मॅन्युअल चालविणारा हें संवयीनें करतो, कारण गिअर त्याच्या हातांतच असतो. ऑटोमॅटिकचा चालक बहुधा दांडा ‘डी’ वर ठेवून विसरतो, आणि ‘डी’ वर कित्येक गाड्या पेट्रोल वांचविण्यासाठीं वरचा गिअर धरून बसतात. कांहीं नवीं यंत्रें उतार ओळखून स्वतः खालच्या गिअरवर येतात, पण त्यांच्यावर सारें सोडणें शहाणपणाचें नाहीं. स्टीअरिंगमागच्या पात्या घाटासाठींच आहेत असें समजून, उतार लागण्यापूर्वींच तिसरा वा दुसरा गिअर घालून घ्यावा. न्यूट्रलमध्यें घाट उतरण्याची जी एक जुनी खोड आहे, ती दोन्ही प्रकारच्या गाड्यांत सारखीच घातक. शिवाय तिनें पेट्रोलहि वांचत नाहीं, कारण गिअरांत राहून उतार उतरतांना आधुनिक इंजिनाचा पेट्रोलपुरवठा आपोआप बंद होतो, न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालू ठेवण्यास पेट्रोल लागतेंच.

वर जीं नांवें आलीं तीं कोटीच्या घरांतलीं आणि त्याच्याहि पुढचीं. परंतु हाच प्रश्न महाराष्ट्रांत बनलेल्या गाड्यांनींहि घातलेला आहे. दिलीप छाब्रिया यांची अवंती ही आसनांमागें इंजिन असलेली दोन आसनांची गाडी २०१२ मध्यें दिल्लीच्या वाहनप्रदर्शनांत मांडली गेली. तिला सहा गिअरांची मॅन्युअल होती. पुण्याजवळ रांजणगांव येथें बनणारी, २०१५ सालीं आलेली, १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो फक्त मॅन्युअलच मिळे. चाकणची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी ही खरी स्पोर्ट्स मोटार नव्हे, चार दारांची घरगुती गाडी. पण २०२३ मध्यें तिचें १५० अश्वशक्तीचें इंजिन सहा गिअरांची मॅन्युअल आणि सात गिअरांचा दुहेरी क्लच अशा दोन्ही रूपांत मिळूं लागलें, तेव्हां निवडीचा हा प्रश्न मध्यमवर्गाच्या अंगणांत येऊन पोहोंचला.

विजेच्या गाड्यांनीं तर वादाचें मूळच खणावयास घेतलें आहे. विजेची मोटर उभ्या जागेपासून पूर्ण जोर देते, म्हणून बहुतेक विजेच्या गाड्यांत गिअर एकच. गंमत अशी कीं, ह्युंदाईनें २०२३ मध्यें आयोनिक-५ एन ही विजेची गाडी दाखविली, तींत नसलेले गिअर बदलल्याचा धक्का आणि आवाज मुद्दाम निर्माण करण्याची सोय ठेवली होती.

निवड करणाऱ्यानें एक पथ्य पाळावें. चाचणीची गाडी बहुधा मोकळ्या रस्त्यावर चालवावयास मिळते, आणि मोकळ्या रस्त्यावर दोन्ही गाड्या छानच वाटतात. म्हणून चाचणी दोनदां मागावी. एकदां कामाच्या दिवशीं सायंकाळीं सहानंतर, ट्रेलरांच्या रांगेंतून. मॅन्युअल असल्यास अर्ध्या तासानंतर डाव्या पायास काय वाटतें तें पाहावें, आणि ऑटोमॅटिक असल्यास ती सरकतांना गचके देते का तें. दुसऱ्यांदां रविवारीं सकाळीं लवकर, घाटापर्यंत नेतां आली तर उत्तम, आणि उतारावर स्वतः गिअर उतरवून. घरांतील जें जें माणूस ती गाडी चालविणार, त्या प्रत्येकास स्टीअरिंगमागें बसवावें. गाडीचें पोट जमिनीपासून किती वर आहे तेंहि त्याच वेळीं मोजून घ्यावें. नगरांतील गतिरोधकांपुढें आणि पावसाळ्यांतील खड्ड्यांपुढें मॅन्युअल व ऑटोमॅटिक दोन्ही सारख्याच.