पार्कातला पुडा, घरातला सोऱ्या

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून नागपूरच्या दिशेने एक नवी वारी निघते. दीडशे किलोमीटरचा प्रवास करायचा, दिवसभर वॉटर पार्कात डुंबायचे आणि रात्री पेंगत परत यायचे. पूर्वी मुलांची हौस आर्णीच्या बाबा कंबलपोषांच्या उर्सात किंवा वणीच्या रंगनाथ स्वामींच्या जत्रेत भागत असे. आकाशपाळणा, मौत का कुआँ, गुळाची शेव आणि म्हातारीचे केस मिळाले की वर्ष साजरे झाले. मग 1989 मध्ये मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड आले, 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आले आणि मोठ्या शहरांच्या आसपास लहानमोठी पार्के उभी राहिली. जत्रेला आता कुंपण आहे, दार आहे आणि दारावर तिकीट आहे. त्या दाराच्या आत गेल्यावर पोटाला एवढे महाग का पडते आणि त्यातले घरी काय करता येते, एवढाच आजचा विषय. कविता करणाऱ्याने हिशेबाच्या वहीला हात लावू नये असे म्हणतात. पण कवीलाही महिन्याचा किराणा भरावा लागतो.

माझ्या आपाचा मुलगा एका जिनिंगमध्ये कामाला आहे. त्याने वर्षभर थोडे थोडे साठवून बायको आणि दोन मुलांना अशाच एका पार्कात नेले. तिकिटाचे आणि गाडीभाड्याचे पैसे त्याने आधीच मोजून वेगळे ठेवले होते. पुऱ्या आणि आलूची सुकी भाजी डब्यात होती. दारावर पिशवी तपासली आणि डबा बाहेर ठेवायला सांगितला. दुपारी दोन वाजता पाण्यातून बाहेर आलेली मुले भुकेने व्याकूळ झालेली. तो मला सांगत होता, "मामू, तिकिटाचा हिशेब होता, जेवणाचा धरलाच नव्हता. मुलांना खाऊ घातले आणि आम्ही दोघांनी भूक नाही म्हणून सांगितले." चौघांचे धड जेवणही झाले नाही आणि बिल हजाराच्या वर गेले. हजार रुपये म्हणजे त्याच्या घरचा पंधरा दिवसांचा भाजीपाला आणि दूध.

तिथे खाण्याचा दर का चढतो, याचे उत्तर पदार्थात शोधून सापडत नाही. ते दारात आहे. गावातल्या चौकात भजी महाग वाटली तर आपण दहा पावले पुढे जातो. पार्कात ती दहा पावले काढून घेतलेली असतात. बाहेरचे आत आणता येत नाही, बाहेर जाऊन परत येणे अवघड, आणि पोहून आलेल्या पोराची भूक थांबत नाही. याशिवाय आणखी एक बारीक गोष्ट आहे. तिकिटाचा दर जाहिरातीत असतो, आपण घरी बसून दोन पार्कांचे दर ताडून पाहतो. समोशाचा दर जाहिरातीत नसतो, तो भूक लागल्यावर कळतो. म्हणून मालक तिकीट जेवढे जमेल तेवढे आकर्षक ठेवतो आणि राहिलेली वसुली खाण्यावर करतो. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचे गणितही हेच.

मालकाची बाजूही ऐकून घेऊ. पाळणे आणि पाण्याचे पंप फिरवायला वीज लागते. जीवरक्षक, तंत्रज्ञ, सफाई कामगार यांचा पगार गर्दी नसली तरी द्यावा लागतो. वर्षातले मोजकेच महिने धंद्याचे. तिकिटावर आधी 28 टक्के जीएसटी होता, तो जानेवारी 2018 मध्ये 18 टक्के झाला. हे सगळे खरे आहे. पण हा खर्च तिकिटात न दाखवता मुलाच्या भुकेच्या वेळी वसूल करणे मला पटत नाही. ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत, नेमकी त्याचीच फसगत होते.

ही युक्ती नवीही नाही. म्हातारीचे केस ज्या यंत्रातून निघतात, ते 1897 मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावी विल्यम मॉरिसन आणि जॉन व्हार्टन यांनी काढले. यातले मॉरिसन चक्क दातांचे डॉक्टर होते! व्हार्टन मिठाईवाले. 1904 च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी या साखरेच्या कापसाचे 68,655 डबे विकले, एक डबा 25 सेंटला. प्रदर्शनाचे प्रवेश तिकीट होते 50 सेंट. म्हणजे चिमूटभर साखरेला अर्ध्या तिकिटाचा भाव, आणि लोकांनी तो आनंदाने दिला. नवल पाहायला मिळाले की माणूस किंमत विचारत नाही.

आजचा हिशेब मांडू. म्हातारीच्या केसांच्या एका काडीला वीस-पंचवीस ग्रॅम साखर लागते. साखर पंचेचाळीस रुपये किलो धरली तर रुपया-सव्वा रुपयाची. आता कोणी म्हणेल, मग जत्रेतला पोरगाही लुटतोच की. माझे मत वेगळे आहे. जत्रेत जागेचा लिलाव होतो, त्यातून घेतलेल्या चार हात जागेचे भाडे तो भरतो, दिवसभर उन्हात उभा राहतो, आणि शेजारी त्याच्यासारखे आणखी दहा उभे असतात. त्याने दर फार चढवला तर गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाते. तिथे बाजार जिवंत आहे. त्याच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये.

बाहेरचे खाणे आत नेऊ देण्याची मागणी आपल्या राज्यात एकदा जोरात झाली होती, ती सिनेमागृहांबाबत. जुलै 2018 मध्ये नागपूरच्या पावसाळी अधिवेशनात सरकारने मल्टिप्लेक्समध्ये खाद्यपदार्थ नेता येतील असे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात सरकारने सुरक्षेचे कारण पुढे करून सूर बदलला. शेवटी जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सिनेमागृह ही मालकाची खासगी जागा आहे, तो बाहेरचे पदार्थ रोखू शकतो. मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी फुकट ठेवले पाहिजे आणि तान्ह्या मुलाचे खाणे आईबापांना नेऊ दिले पाहिजे. हा निकाल सिनेमागृहांचा आहे, पण पार्कवाल्यांचा युक्तिवादही त्याच वळणाचा असतो. गंमत अशी, की ज्या डिस्नेने 1955 मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडून जगाला पार्काचे वेड लावले, त्या डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत घरचा डबा नेता येतो. काचेच्या बाटल्या आणि दारू तेवढी चालत नाही.

बंद पुड्याची गोष्ट निराळी. 1 जानेवारी 2018 पासून एकाच वस्तूवर दोन ठिकाणी दोन छापील किमती टाकता येत नाहीत. टेबलखुर्ची देऊन, वाढून देणाऱ्या हॉटेलला पाण्याच्या बाटलीचे जास्त पैसे घेता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये म्हटले आहे. पण नुसत्या दुकानातून बिस्किटाचा पुडा विकला तर छापील किमतीवर एक रुपयाही जास्त घेता येत नाही. बिल मागा आणि जास्त घेतले असतील तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक फिरवा. आणि निघण्यापूर्वी पार्काला फोन करून दोन प्रश्न विचारा: डबा चालतो का, आणि साधे जेवण केवढ्याला? माझ्या भाच्याला हे कोणी सांगितले नव्हते. डबा चालत नसेल तर आत जाण्यापूर्वी बाहेर पोटभर जेवून घ्यावे.

आता घरी काय होते ते पाहू. 2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत डिस्नेची पार्के बंद पडली, तेव्हा कंपनीने आपल्या दोन लाडक्या पदार्थांची कृती लोकांना मोफत दिली. एक होता अननसाचा गार मऊ गोळा, डोल व्हिप. दुसरा चुरो. डोल व्हिपमध्ये काय निघाले? अननसाचे गोठवलेले तुकडे, अननसाचा रस आणि आइस्क्रीम, मिक्सरमधून फिरवलेले. आपण आंब्याच्या दिवसांत आंब्याच्या फोडी रात्रभर गोठवून हेच करू शकतो; अननसावाचून अडत नाही.

चुरो मात्र मला फार आवडून गेला, कारण तो आपल्या स्वयंपाकघरातला निघाला. पाणी, लोणी आणि मीठ उकळायचे, त्यात मैदा घालून घोटायचे. म्हणजे उकडच काढायची की! तांदळाऐवजी मैद्याची. ती जरा निवली की एक एक करून अंडी फेटून घालायची, गोळा सोऱ्यात भरायचा आणि चकलीची चांदणीची चकती लावून बोटभर लांबीचे तुकडे तेलात सोडायचे. सोनेरी झाले की साखर आणि दालचिनीच्या पुडीत घोळवायचे. चकती चांदणीचीच हवी, गोल भोकाची नको. उकडीत पाणी पुष्कळ असते, तळताना त्याची वाफ होते. चांदणीच्या खाचांमुळे पीठ सगळीकडून सारखे फुगते आणि वाफेला वाट मिळते. गुळगुळीत गोल कांडी बाहेरून कडक झाली की आत वाफ कोंडते आणि कांडी तेलात फुटते. अंगावर तेल उडते. सोऱ्याजवळ मुलांना बसवावे, कढईजवळ बसवू नये.

पॉपकॉर्न म्हणजे मक्याच्या लाह्या. नेहमीचा मका फुटत नाही, कारण त्याचे साल वाफ कोंडून धरत नाही. लाह्यांच्या मक्याच्या दाण्यात सुमारे 14 टक्के ओल असते आणि साल घट्ट असते. दाणा 180 अंशांच्या आसपास तापला की आतल्या पाण्याची वाफ साल फोडते आणि पीठ फुलून बाहेर येते. म्हणून हा मका उघड्या बरणीत ठेवू नये. ओल उडाली की दाणे भुईसारखे नुसते करपतात. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेल, तळ झाकेल एवढेच दाणे, थोडे मीठ, हळद आणि वर झाकण. मका सव्वाशे रुपये किलो धरा, पन्नास ग्रॅमचे सहा-सात रुपये होतात आणि मोठे पातेले भरते. पार्कात ज्याला कॅरॅमल पॉपकॉर्न म्हणून दुप्पट भाव लावतात, ते म्हणजे याच लाह्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून पाहावा. टणक गोळी झाली आणि ती मोडताना कट्‌कन आवाज आला की पाक झाला. संक्रांतीला चिक्की करणाऱ्या बाईला हे शिकवायची गरज नाही.

म्हातारीचे केस मात्र घरी होत नाहीत. इंटरनेटवर कोणी काटा-चमच्याने साखरेचे तार काढून दाखवतात, ते तार होतात, कापूस होत नाही. वितळलेली साखर गरगर फिरणाऱ्या भांड्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर फेकली जाते आणि हवेत क्षणात गोठते, म्हणून तो कापूस. तो जत्रेतच घ्यावा, आणि पांढरा मिळाला तर पांढरा. फेब्रुवारी 2024 मध्ये पुद्दुचेरी आणि तमिळनाडूने गुलाबी कापसावर बंदी घातली, कारण त्यात रोडामिन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडला. पुढच्या महिन्यात कर्नाटकाने कृत्रिम रंगाचा कापूस बंद केला. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसे. रंग सुताला द्यायचा असतो, जिभेला नाही.

बर्फाच्या गोळ्याचेही तसेच. महाराष्ट्रात 2018 पासून न खाण्याच्या बर्फात निळी झाक घालायचा नियम आहे, तेव्हा निळसर लादी दिसली तर पुढे चालू लागावे. घरचा बर्फ जाड फडक्यात गुंडाळून बत्त्याने ठेचला की गोळ्यापुरता चुरा होतो. रंगासाठी आपल्याकडे अंबाडी आहे. तिची लाल फुले, म्हणजे खरे तर बोंडाभोवतीच्या जाड पाकळ्या, थंडीत बाजारात येतात. त्या वाळवून ठेवाव्यात. आपा मूठभर पाकळ्या दोन पेले पाण्यात उकळते, गाळते, गाळलेल्या पाण्याइतकीच साखर घालून पुन्हा पाच मिनिटे उकळते आणि निवल्यावर काचेच्या बाटलीत भरते. रंग गुलाबाच्या सरबताहून गडद, चव आंबटगोड. फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे सहज टिकते. पाकळ्या आधीच आंबट असतात, त्यामुळे लिंबू पिळायचे नाही. गोळ्यावर घालताना चिमूटभर काळे मीठ तेवढे टाकायचे.