दाताचा एक्स-रे कशासाठी?



ऊस विकास विभागाने दातांवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. पण लाल कुजीने धरलेला ऊस सुरुवातीला बाहेरून चांगलाच दिसतो. उभा चिरला की आत लाली, मधूनमधून पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस वास! दात असा चिरून पाहता येत नाही, म्हणून एक्स-रे.

हे शहाणपण आम्हाला उशिरा आले. दाढ ठणकत होती तेव्हा लवंग तेलाचा बोळा ठेवून आम्ही गाळप हंगाम काढला. पुढे ठणका आपोआप थांबला. आम्ही समजलो, बरी झाली. प्रत्यक्षात आतली नस मेली होती व मुळाशी पू धरत होता. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितले, तर बिल वाढवतात म्हणून आम्ही उठून आलो. वर्षभराने गाल सुजला. तेव्हाच्या फोटोत मुळाभोवतीचे हाड खाऊन काळे झालेले दिसले. ती दाढ गेली, शेजारचीही गेली. ऊस पक्व झाला का, हे डोळ्यांवर न जाता रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स पाहून ठरवा, असे बांधोबांधी सांगणारे आम्ही!

फोटोत घट्ट भाग पांढरा, पोखरलेला काळा दिसतो. दोन दातांच्या फटीतली कीड, मुळाची गाठ, हिरडीखाली झिजलेले हाड, आडवी अडकलेली अक्कलदाढ हे नुसत्या आरशाने कळत नाही. अगदी कोवळी कीड मात्र फोटोतही सुटू शकते.

किरणांना पुष्कळ जण भितात. राँटजेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि १८९६ च्या जानेवारीत जर्मनीच्या वाल्कहोफने स्वतःच्या दातांचा फोटो घेतला, त्याला २५ मिनिटे लागली होती. आज क्षणभर पुरतो आणि एका लहान फोटोत किरणे फारच थोडी असतात. बाई गरोदर असेल तर आधी सांगावे. विनाकारण दर खेपेला फोटो काढूही नये. जुना फोटो जपून सोबत न्यावा.

लोहाऱ्याहून यवतमाळ जवळच आहे. गुंतागुंतीचे असेल तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे.

खर्रा खाणाऱ्यांना एक वेगळे सांगणे. गालातला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम एक्स-रेत दिसत नाही. ती डॉक्टरांना तोंड उघडून दाखवावी लागते, आणि तोंड उघडणे कमी झाले असेल तर आजच.