काम झाले, असे कोण म्हणते?

रुग्णालयाचा वॉर्ड कशावर चालतो, असे विचारले तर आपण डॉक्टर, औषधे, यंत्रे अशी उत्तरे देऊ. ती चूक नाहीत; पण वॉर्ड खरा चालतो तो आठवणीवर. बारा नंबरच्या आजोबांचे रक्त तपासणीला पाठवायचे आहे. चौदाच्या बाईंची सलाईनची सुई बदलायची आहे. सतराच्या मुलाला रात्री दोनला इंजेक्शन द्यायचे आहे. विसाव्या खाटेचा सोनोग्राफीचा रिपोर्ट अजून आलेला नाही, तो कोणीतरी जाऊन आणायचा आहे. अशी कितीतरी कामे एका पाळीत असतात, आणि पाळी बदलली की ती सगळी एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात, वाटेत न सांडता, जावी लागतात.

हे ओझे आजवर कागदाने वाहिले. केस पेपर, ट्रीटमेंट शीट, तापाचा तक्ता, सिस्टरांचे रिपोर्ट बुक आणि निवासी डॉक्टरच्या ॲप्रनच्या खिशातला तो घडी घातलेला कागद! त्यावर प्रत्येक कामापुढे एक छोटा चौकोन. काम झाले की चौकोनात खूण. कागदाला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही, समासात ‘आजींना ऐकू कमी येते’ एवढे लिहायला वेगळा रकाना लागत नाही. पण हाच कागद डॉक्टरबरोबर घरी जातो, धुण्यात भिजतो, आणि त्यावरचे अक्षर कधी कधी लिहिणाऱ्यालाही लागत नाही. शिवाय तो एका वेळी एकाच हातात असतो. म्हणून ही कामे संगणकावर नेण्याची धडपड जगभर चालली आहे आणि ती रास्तच आहे.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. १९८३ साली कर्मचारी संघटनांशी करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला आणि हळूहळू शाखांमध्ये यंत्रे दिसू लागली. जाडजूड लेजर गेले, तरी एक शिस्त यंत्रातही टिकली: व्हाउचर एकाने करायचे, दुसऱ्याने तपासायचे, आणि दोघांच्या सह्या वेगळ्या. काही काळ लेजर आणि यंत्र दोन्ही शेजारी शेजारी चालवून रोज ताळा घेतला जाई. वॉर्डाचे काम याहून अवघड. बँकेतली चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी उलटी नोंद करून निस्तरता येते. शिरेत गेलेल्या औषधाची उलटी नोंद होत नाही.

म्हणूनच हा बदल कोणाच्या डोक्यातून येतो, याला फार महत्त्व आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावी माजी सैनिकांचे रुग्णालय आहे. तिथल्या एका परिचारिकेने १९९२ साली भाड्याची मोटार परत करताना पाहिले, की तिथला माणूस हातातल्या छोट्या यंत्राने गाडीवरच्या रेघा वाचतो आणि हिशेब पुरा होतो. तिला वाटले, मोटारीला जमते ते औषधाच्या पुडीला आणि रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीला का जमू नये? तिच्या या कल्पनेतून औषध देण्याची बारकोड पद्धत उभी राहिली आणि पुढे माजी सैनिकांच्या देशभरातल्या रुग्णालयांत वापरात आली. पुडी योग्य, रुग्ण योग्य, वेळ योग्य, तरच यंत्र होकार देते.

आता दुसरी बाजू. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात सगळे आदेश संगणकावर द्यायची पद्धत अवघ्या सहा दिवसांत सर्वत्र लागू झाली. पूर्वी दुसरीकडून अत्यवस्थ मूल निघाले, की रुग्णवाहिका वाटेत असतानाच औषधे-तपासण्यांचे आदेश देऊन ठेवत. नव्या पद्धतीत मूल दारात येऊन त्याची नोंदणी होईपर्यंत आदेशच देता येईना. खाटेजवळची माणसे पडद्यापुढे अडकली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा बाहेरून आणलेल्या मुलांतले मृत्यूचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेले. गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखी गोष्ट ही, की सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने तीच संगणकप्रणाली अधिक तयारीनिशी आणली, आणि तिथल्या अतिदक्षता विभागात मृत्यू वाढले नाहीत. म्हणजे यंत्र तेच. फरक आणण्याच्या रीतीत होता.

आणि रीत चुकली की माणसे पळवाट काढतात. २००८ साली पाच अमेरिकन रुग्णालयांतल्या बारकोड पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अभ्यासकांना पंधरा प्रकारच्या पळवाटा सापडल्या. परिचारिकांनी रुग्णांच्या पट्ट्यांच्या जादा प्रती दाराच्या चौकटीला चिकटवल्या होत्या, पट्ट्याच्या कडीत अडकवल्या होत्या. कारण आळस नव्हे. मनगटावरची पट्टी भिजलेली किंवा चावलेली, यंत्राची बॅटरी संपलेली, पुडीवर बारकोडच नाही आणि रुग्ण मात्र वाट पाहतो आहे! अशा वेळी पडद्यावर सगळे हिरवे दिसते, पण रुग्ण आणि औषध यांची गाठ घालून दिली कोणी?

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’च्या संगणकांवर हल्ला झाला आणि पुढे कित्येक दिवस एवढ्या मोठ्या संस्थेचे कामकाज हाताने, कागदावर चालवावे लागले. तिथे कागदावर काम करण्याची सवय असलेली माणसे होती. उद्या ती निवृत्त होतील, तेव्हा काय? कोरे छापील तक्ते कपाटात असणे आणि ते कसे भरायचे हे नव्या मुलींना ठाऊक असणे, ही जुनाटपणाची खूण नव्हे. तो विमा आहे.

आपल्याकडच्या सिस्टर आधीच कामाच्या ओझ्याखाली आहेत. त्यांना संगणकातही भरा आणि वहीतही लिहा असे कायमचे सांगितले, तर दोन्हीकडची नोंद पाळी संपताना एकदम, आठवेल तशी होणार. ताळा घेण्यापुरते काही आठवडे दोन्ही ठेवावे, मग एक सोडावे. कोणते रकाने हवेत हे रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरला आधी विचारावे. आणि पाळी बदलताना खाटेपाशी उभे राहून ‘यांचे हे राहिले आहे बरे का’ असे तोंडी सांगण्याची चाल पडद्यावर सगळे दिसते म्हणून बंद करू नये.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी कोणाच्या तरी उशाशी स्टुलावर बसावे लागते. तेव्हा संगणक पाहून दबून जाऊ नये. ‘दोनचे इंजेक्शन दिले का?’ असे नम्रपणे, पण स्पष्ट विचारावे. ‘इथे झाले असे दिसते आहे,’ हे त्याचे उत्तर नव्हे. ‘हो, मी दिले,’ हे उत्तर आहे. आणि चांगली पद्धत तीच, जी ते म्हणणाऱ्या माणसाचे नाव व वेळ जपून ठेवते आणि तिला खाटेपाशी उभे राहायला सवड देते.